लसीचं कार्ड हरवलंय आणि शाळा दाखला मागतेय: काय करावं?

एका ताईंनी विचारलंय. मुलगा जून 2021 चा, आता साडेचार वर्षांचा. बाळंतपण माहेरी, मिरजेजवळच्या गावात. दीड महिन्याचा आणि अडीच महिन्यांचा डोस तिथल्याच उपकेंद्रात झाला. पुढचे पुण्यात, घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे. ते डॉक्टर आता निवृत्त झालेत आणि दवाखाना बंद आहे. मध्यंतरी घर बदललं, त्यात कार्ड गेलं. ज्युनिअर केजीच्या प्रवेशासाठी शाळेने ‘लसीकरण पूर्ण असल्याचा दाखला’ मागितलाय. ओळखीच्या एका दवाखान्यात नवीन कार्ड मिळतंय, ‘तारखा अंदाजाने टाकून देतो’ असं तिथे म्हणालेत. ताई लिहितात, “डोस तर सगळे दिलेत हो, मग तारखा अंदाजाने टाकल्या तर काय बिघडतं?” घरात दहा वर्षांची मोठी मुलगीही आहे. तिचं कार्ड जपलेलं आहे.

मी सत्तावीस वर्षं आरोग्यसेविका होते. त्यातली बरीच वर्षं कृष्णाकाठच्या एका उपकेंद्रात गेली, शेवटची काही पुण्यातल्या शहरी दवाखान्यात. हा प्रश्न दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर आलाय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुम्हाला अडचण दाखल्याची वाटतेय. मला ती वेगळीच दिसते. तुमच्या मुलाला गोवर-रुबेलाचे दोन डोस आणि दीड वर्षाचा बूस्टर खरंच मिळालाय का, हे आज कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. तुम्हालाही नाही. रागावू नका, पण ‘सगळे दिलेत’ असं सांगणाऱ्या आया मी शेकड्यांनी पाहिल्यात. त्यांच्यातली एकही खोटं बोलत नव्हती. नऊ महिन्यांचा डोस लक्षात असतो. दीड वर्षाच्या वेळी बाळाला सर्दी होती म्हणून डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलेलं असतं, आणि तो पुढचा आठवडा कधी उजाडलेलाच नसतो. मनात मात्र ‘दवाखान्यात नेलं होतं’ एवढंच राहतं.

अंदाजाने तारखा टाकू नका असं मी का म्हणते, तेही सांगते. 2022 च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ होती. त्याच दिवसांत आमच्या दवाखान्याच्या हद्दीतल्या एका पाळणाघरात एका मुलाला गोवर निघाला. आम्ही लगेच गेलो. पाळणाघराच्या ताईंनी सगळ्या मुलांच्या कार्डांच्या झेरॉक्सची फाईल पुढे ठेवली, त्यामुळे काम सोपं झालं. कुणाला डोस नाही, कुणाचा एकच झालाय, हे अर्ध्या तासात कळलं आणि त्या मुलांना लस दिली. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस पडली, तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. त्यामुळे अशा वेळी ही यादी फार मोलाची असते. तीन वर्षांच्या एका मुलीच्या कार्डावर दोन्ही डोस लिहिलेले होते, म्हणून तिला आम्ही सोडून दिलं. अकराव्या दिवशी तिला ताप आला, मग पुरळ उठलं. तिच्या आईने तेव्हा रडत सांगितलं की कार्ड हरवलं होतं आणि एका दवाखान्यातून नवीन लिहून घेतलं होतं. मुलगी पाच दिवस रुग्णालयात राहून बरी झाली. पण तिच्यामुळे घरातल्या सात महिन्यांच्या भावालाही गोवर झाला. त्याचं तर लसीचं वयही झालेलं नव्हतं.

मी ते कार्ड नंतर नीट पाहिलं. सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनने, एकाच बैठकीत केलेल्या. एक तारीख 15 ऑगस्टची. त्या दिवशी ते कार्ड माझ्या लक्षात यायला हवं होतं, आणि ते आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. चौकट रिकामी असती तर त्या मुलीला त्या दिवशी लस मिळाली असती. खोटी तारीख पडली, की ते मूल आमच्या नजरेतूनच सुटतं.

आता तुम्ही नेमकं काय करायचं ते बघू.

पहिला शोध माहेरी घ्या. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तुमच्या मुलाची नोंद असण्याची शक्यता चांगली आहे. माता-बाल संरक्षण कार्डाचा एक भाग आईकडे जातो आणि दुसरा, ज्याला आम्ही काउंटरफॉइल म्हणतो, तो सेविकेकडे राहतो. महिन्यागणिक कप्पे असलेली एक कापडी पिशवी असते, टिकलर बॅग. ज्या महिन्यात बाळाचा पुढचा डोस, त्या महिन्याच्या कप्प्यात त्याचं काउंटरफॉइल. शिवाय आरसीएचचं, म्हणजे माता-बाल आरोग्याचं, जाडजूड रजिस्टर असतं आणि त्यावरून संगणकात केलेली नोंद असते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या गावातली निम्मी कार्डं पाण्यात गेली. लोक परत आले तेव्हा कार्डाचा लगदा झालेला होता. आम्ही रजिस्टर आणि पिशवी आधीच दुसऱ्या मजल्यावर हलवली होती म्हणून वाचली. पुढचे दोन महिने शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही एकेका बाळाचं कार्ड पुन्हा लिहिलं. त्यामुळे कार्ड हरवलं म्हणजे सगळं संपलं असं समजू नका.

पण शोधायचं कसं, हे माहीत हवं. मुलाच्या नावाने विचारलं तर बहुधा काहीच सापडणार नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. रजिस्टरात तुमच्या नावापुढे बाळ एवढंच असेल. तेही तुमच्या सासरच्या नावाने असेल की माहेरच्या, हे गरोदरपणात पहिली नोंद कुठे आणि कुणी केली त्यावर अवलंबून आहे. दोन्ही नावं सांगा. बाळंतपणाची तारीख सांगा. तेव्हा कुणाचा मोबाईल नंबर दिला होता ते आठवा. माहेरी बाळंतपण असलं की पुष्कळदा वडिलांचा किंवा भावाचा नंबर दिलेला असतो. आणि तिथल्या आशाताईंना फोन करा. कुणाच्या घरी कोणतं बाळ कधी आलं, हे त्यांच्या वहीत असतंच, आणि वहीत नसलं तरी त्यांच्या डोक्यात असतं. तुम्हाला स्वतःला जायला जमत नसेल तर आईला पाठवा आणि रजिस्टरातल्या त्या ओळीचा फोटो मागवा.

बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढा. जन्माच्या वेळचे तीन डोस, म्हणजे बीसीजी, हिपॅटायटिस बी आणि पोलिओचा झिरो डोस, त्यावर लिहिलेले असतात. इथे एक शंका हमखास येते: डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण नाही, मग लस लागली नाही का? व्रण उठला नाही तरी लस दिलेली असते. व्रण नाही म्हणून पुन्हा टोचायची गरज नाही.

खासगी डोसांचं काम अवघड आहे, कारण दवाखाना बंद झालाय. तरी डॉक्टरांचा नंबर मिळत असेल तर एकदा विचारा. काही जण जुनी रजिस्टरं घरी ठेवतात. मग तुमच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये शोधा. बाळ साडेतीन महिन्यांचं, नऊ महिन्यांचं, दीड वर्षाचं झालं त्या आठवड्यांतले फोटो बघा. कार्डाचा फोटो आजीला किंवा मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो, आणि पुष्कळदा तो त्यांच्याच फोनमध्ये सापडतो. दवाखान्याचे ‘उद्या डोस आहे’ असे मेसेज, औषधांच्या दुकानाची बिलं, ऑनलाइन भरलेले पैसे, सगळं बघा. डोस द्यायला या असा मेसेज म्हणजे डोस दिल्याचा पुरावा नव्हे, पण त्यावरून तारीख कुठे शोधायची ते कळतं. बिलावर लसीचं नाव आणि तारीख असेल तर तो मी धरला असता.

यूविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, शोधण्यात फार वेळ घालवू नका. ते देशभर सुरू झालं ऑक्टोबर 2024 मध्ये. तुमच्या मुलाचे सुरुवातीचे डोस त्याच्या आधीचे आहेत, त्यातून निम्मे खासगी. मात्र इथून पुढचा प्रत्येक डोस यूविनवर नोंदवून घ्या. क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र मोबाईलवर मिळतं आणि ते हरवत नाही.

एवढं करूनही काही चौकटी रिकाम्या राहतील. त्या रिकाम्याच राहू द्या. आमच्या कामातला नियम सरळ आहे: लेखी पुरावा नाही तो डोस दिला नाही असं धरायचं आणि आता द्यायचा. ‘आधीच दिला असेल तर डबल होईल’ ही भीती स्वाभाविक आहे. गोवर-रुबेलाचा जादा डोस पडला तर अपाय होत नाही. अंगात आधीच प्रतिकारशक्ती असेल तर त्या लसीला करण्यासारखं काही उरतच नाही. ट्रिपलचे, म्हणजे डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात), डोस फार झाले तर टोचलेली जागा जास्त सुजते आणि दुखते, म्हणून ते किती द्यायचे हे डॉक्टरांनी मिळालेले पुरावे पाहून ठरवावं. आणि ज्यांचा पुरावा मिळाला ते डोस मोजायचे. मध्ये कितीही खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेले तेवढे द्यायचे. रक्त तपासून काय झालंय ते बघू, असं काही जण सुचवतील. डांग्या खोकल्यासारख्या आजाराबाबत त्या तपासणीतून ठाम उत्तर मिळत नाही, आणि खर्च लसीपेक्षा जास्त होतो. मी कुणाला ती सुचवली नाही.

तुमच्या बाबतीत घाई आहे ती शाळेच्या तारखेमुळे नाही. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला आणि पोलिओचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत देतात, डीपीटी सात वर्षांपर्यंत. मुलाला जूनमध्ये पाच पूर्ण होतील. गोवर-रुबेलाच्या दोन्ही डोसांचा पुरावा नसेल तर आत्ता एक आणि निदान महिन्याने दुसरा, असं बसवायला हवं. पाच वर्षांनंतरही खासगीत एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) मिळते, पण जे आज मोफत होतंय ते लांबवू नका. रोटाव्हायरस आणि बीसीजीचं वय गेलंय, त्यांचा विचार सोडा. न्यूमोकोकल (न्यूमोनियाची लस) आणि हिपॅटायटिस बीचा पुरावा मिळाला नाही तर बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. जपानी मेंदूज्वराची लस ठरावीक जिल्ह्यांतच देतात, त्यामुळे ती चौकट रिकामी असली तर आधी तुमचा भाग त्यात येतो का ते दवाखान्यात विचारा. मुलाला मोठा आजार असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा आधी एखाद्या लसीची जोरदार ॲलर्जी आली असेल, तर मी इथे लिहिलेलं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

पाच वर्षांच्या बूस्टरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यांत जास्त चुकलेला डोस मी हाच पाहिलाय. दीड वर्षाचा डोस झाला की घरात सगळ्यांना वाटतं, आता सुटलो. पुढची तीन-साडेतीन वर्षं सुईचं नाव नसतं. कार्ड कपाटाच्या तळाशी जातं. आणि डीपीटीचा दुसरा बूस्टर येतो बरोबर पाचव्या-सहाव्या वर्षी, शाळेच्या धामधुमीत. शाळा कार्ड मागते याचा काहींना राग येतो. मला ते बरं वाटतं, कारण त्या निमित्ताने कार्ड कपाटातून बाहेर येतं. तुमच्या मुलाचा दीड वर्षाचा बूस्टर पुराव्यासह सापडला तर दुसरा जूननंतर घ्या. सापडला नाही आणि पहिला आत्ता दिला, तर दुसरा लगेच जूनमध्ये घ्यायचा नाही. त्याची तारीख लस देणाऱ्यांकडून कार्डावर लिहून घ्या.

नवीन कार्ड कसं लिहून घ्यायचं? वर ठळक ‘दुय्यम प्रत’. ज्या तारखांचा पुरावा मिळाला तेवढ्याच, आणि प्रत्येकीपुढे तो कुठून मिळाला ते, म्हणजे ‘उपकेंद्र रजिस्टर’, ‘डिस्चार्ज कार्ड’, ‘बिल’. आज दिलेल्या डोसांपुढे आजची तारीख. सही, शिक्का. असं कार्ड दिसायला अर्धवट दिसतं, पण बघणारा कुठलाही डॉक्टर त्यावर विश्वास ठेवेल.

शाळेला दाखला ‘पूर्ण’ असाच हवा, असं कारकून म्हणतील. प्रवेशासाठी लस सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे नाही. शाळा आपल्या नियमाने मागतात आणि प्रत्येकीचा नियम निराळा. माझा अनुभव असा आहे की ‘वयानुसार लसीकरण सुरू आहे, राहिलेले डोस अमुक तारखेला देण्यात येतील’ असं दवाखान्याच्या शिक्क्याचं पत्र दिलं की बहुतेक शाळा घेतात. न घेतल्यास मुख्याध्यापकांना स्वतः भेटा आणि कार्ड दाखवा. आपण काही लपवत नाही, उलट सगळं उघड करतोय, हे दिसलं की माणसं समजून घेतात. शाळेला नेहमी झेरॉक्स द्या. मूळ कार्ड दाखवा आणि परत घ्या. शाळेच्या फायलीत गेलेलं मूळ कार्ड दहावीपर्यंत परत न मिळालेली मुलं मला माहीत आहेत.

शाळेच्या टेबलावर आणखी एक घोळ होतो. सरकारी कार्डावर पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पोलिओ, आयपीव्ही (टोचायचा पोलिओ) अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. खासगीत सहा आजारांची एकच सुई देतात, ‘हेक्सा’. फाईलमध्ये हेक्सा लिहिलेलं असतं, शाळेच्या फॉर्मवर पेंटा छापलेलं असतं, आणि कारकून म्हणतात पेंटा दिलाच नाही. हेक्सात पेंटातले पाचही घटक असतात, शिवाय टोचायचा पोलिओही. खासगीतल्या एमएमआरमध्ये गोवर आणि रुबेला दोन्ही आहेत, वर गालगुंडही. फॉर्म भरताना त्या चौकटीत तारीख टाकून शेजारी ‘हेक्सा’ किंवा ‘एमएमआर’ लिहा. तसंच, कार्ड कोणत्या वर्षी छापलं त्याप्रमाणे चौकटी बदलतात. टोचायच्या पोलिओचा नऊ महिन्यांचा तिसरा डोस जानेवारी 2023 पासून आला. तुमचा मुलगा 2022 च्या मार्चमध्ये नऊ महिन्यांचा झाला, तेव्हा सरकारी यादीत तो डोस नव्हताच. नव्या फॉर्मवर ती चौकट रिकामी राहिली तर घाबरू नका.

आता मोठ्या मुलीचं. तिला दहा पूर्ण झाली आहेत, म्हणजे टीडीचा, धनुर्वात आणि घटसर्पाचा, डोस लागू झालाय. शाळेत पथक येऊन पाचवीच्या मुलांना देतं. त्या दिवशी ती गैरहजर असेल तर राहून जातो आणि घरी कुणाला कळत नाही. कार्ड काढून बघा. तिच्या बाबतीत आणखी एक: 27 नोव्हेंबर 2018 ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी. तेव्हा तिला डोस मिळाला असेल तर तो जादाचा. नेहमीच्या दोन डोसांच्या चौकटी वेगळ्या भरलेल्या हव्यात.

कार्ड सांभाळण्याबद्दल दोनच गोष्टी आग्रहाने सांगते. लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमाने करतात, पण मग पुढच्या डोसाची तारीख लिहायला जागाच राहत नाही. मी कितीतरी कार्डांवर प्लॅस्टिकवर कागद चिकटवून लिहिलंय. जन्मदाखल्याबरोबर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डोसानंतर, दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी, दोन्ही बाजूंचा फोटो काढून नवऱ्याला पाठवा. आणि तारखेत महिना अक्षरात लिहायला सांगा, वर्ष पूर्ण चार आकडी. आपण 5/6 लिहितो ते पाच जून. अमेरिकेत तेच सहा मे वाचतात. नोकरीनिमित्त मुलांना घेऊन तिकडे गेलेली कुटुंबं मला फोन करतात तेव्हा पहिला गोंधळ तारखेचाच निघतो. दुसरा असा, की नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला डोस तिथल्या शाळा धरत नाहीत. वर्ष पूर्ण झाल्यानंतरचा एमएमआर मागतात. त्यात आपली चूक काही नसते, तिथलं वेळापत्रकच वेगळं आहे.

ताई, आधी माहेरी फोन करा, आजच. सापडेल ते सगळं आणि शाळेचा फॉर्म बरोबर घेऊन जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी सकाळी लवकर जा. उशिरा गेलात तर गर्दीत सिस्टरना तुमचे कागद नीट बघायला सवड मिळणार नाही. मुलाला पोटभर खाऊ घालून न्या. मुलीलाही सोबत घ्या, तिचा टीडी त्याच फेरीत होऊन जाईल. उपकेंद्रातून काय हाती लागलं ते इथेच लिहा, म्हणजे कोणती चौकट कशाने भरायची ते आपण एकेक करून बघू.